डबीतला मुका रुपया

सोम., ३ फेब्रु.
मल्लू नाणं दाखवायला टॉवेलांच्या कारखान्यावर आला. हातात व्हिक्टोरिया राणीचा रुपया, सीलबंद प्लास्टिकच्या डबीत. वर तपासणी कंपनीची चिठ्ठी : अस्सल, न वापरलेला, भरपूर मार्क. पुण्याचे बोरकर विकतायत. बदल्यात मल्लूच्या वडिलांची, आप्पांची सगळी नाणी. "रविवारी सौदा. तुमी हो म्हणलात तरच, आण्णा."
डबी कानाशी हलवली. खुळखुळ. माझ्या संग्रहातल्या अशा डब्यांत नाणं गच्च, हूं की चूं नाही.
मल्लू : "मागांच्या खडखडाटात कान गेले तुमचे." कुठल्या मागाचा धोटा अडतोय ते ऑफिसात बसून सांगतो मी. कान गेले म्हणे.

गुरु., ६ फेब्रु.
बोरकरांना फोन. गोड माणूस. "कंपनीच्या साइटवर चिठ्ठीवरचा नंबर टाका, जुळेल." टाकला, जुळला. फोटो मात्र नाही. नंबर चिठ्ठीचा, रुपयाचा कुठाय? माझ्याच टॉवेलांवर दुसऱ्याचं लेबल शिवून विकलेलं बघितलंय की मी.
मल्लू ठेवून गेलेल्या डबीचा जोड एका कडेला नखाला लागतो. उघडून चिकटवली असावी. असावी. खरी डबीही कधी सैल होते म्हणतात, त्यामुळे नुसत्या खुळखुळीवर...
फोडून वाजवू म्हटलं तर बोरकर, "आधी सौदा. फोडली की परत नाही." म्हणजे रुपयानं बोलायचं नाही आणि आपण मान डोलवायची. वा.

शनि., ८ फेब्रु.
सुमन : "अहो, सौदा त्यांचा. तुमचं काय जातंय?"
माझा होकार जातोय. आप्पांनी वैरागच्या बाजारात एकेक रुपया फरशीवर वाजवून घेतलेला. ते सगळे बोलके रुपये देऊन हा मुका घ्यायचा?

रवि., ९ फेब्रु.
मल्लूच्या घरी बोरकर. "तज्ज्ञांपेक्षा तुमचा कान मोठा का?" म्हटलं, तज्ज्ञांवर शंका नाही. ही डबी त्यांचीच, हे कोण सांगणार? पिशवीतली हातोडी टेबलावर ठेवली. "आत्ता फोडू. खणखणीत बोलला तर तुमच्या भावात मी घेतो, फुटक्या डबीसकट."
बोरकरांनी डबी खिशात घातली. "विचार करून कळवतो."
मल्लू आप्पांची नाणी पोटाशी धरून दारापर्यंत आला. चेहरा उतरलेला. "अस्सल असला तर, आण्णा?"
"असंलही. मग बोलू द्यायचा की."
 हातोडी गाडीच्या डिकीतच ठेवलीय.