मुठीचा तांदूळ

रविवार, संध्याकाळ

आज चर्चच्या पाळकांनी मंडळीतल्या मुठीच्या तांदळाची पिशवी आमच्याच दारात ठेवली. चूल पेटवताना घरोघरी गरिबांसाठी एक मूठ बाजूला काढतात, तो हा तांदूळ. म्हणजे गरीब आता आम्ही? गुडघ्यामुळे धसईच्या बाजारातली हमाली बंद झाली, हे खरं. पण जाडा-बारीक मिसळलेला तो तांदूळ पाहून मान खाली गेली. परत देऊन येतो म्हणालो.

बायको म्हणाली, "रोज देवाकडं मागता ना तुमी? मंग त्यानं काय आभाळातून टाकायचा? बसा गप."

भात झाला. जाडा कच्चा राहिला, बारीक गिच्च झाला. तरी दोनदा वाढून घेतला.

जेवणाआधी आभार मानताना मूठ देणाऱ्या शेजाऱ्यांची नावं घ्यायला हवी होती. मी देवाचं तेवढं घेतलं. तो उद्या विहिरीवर भेटायचा नाही. ते भेटतील.