मी डाव सोडलेला नाही

चि. खुडबुड्यास आजीचे आशीर्वाद (नातू म्हणून देते, कर्तृत्व बघून नव्हे). तू वेळेवर जेवतोस, वेळेवर झोपतोस, असं धरून चालते. विचारलं तर तू 'हो' म्हणणार आणि मला उगाच खोटं ऐकावं लागणार. माझे गुडघे होते तिथेच आहेत. तुझी आई हल्ली माझ्याशी कमी बोलते, त्यामुळे दोघींची तब्येत सुधारली आहे. फोन सोडून कागद का खरडला म्हणशील, तर फोनवर तू "बघतो गं आजी" म्हणतोस आणि फोनबरोबर मलाही ठेवून देतोस. कागद निदान टेबलावर पडून तुला टोचत राहील.

विषय तुझ्या पेंग्विनचा. आधी कॉम्प्युटरमध्ये जे होतं ते शेंबड्या पोरासारखं सारखं आजारी पडायचं, कबूल. पण रांगत का होईना, चालायचं रे! तू सुट्टीला आलास, ते पुसून हे पेंग्विनच्या चित्राचं लिनक्स बसवलंस, "आजी, हे कधी पडत नाही" म्हणालास आणि गाडी पकडून पसार झालास. खोटं नाही बोललास. पेंग्विन पडत नाही, त्याच्या डोक्यावर जे बसवलंयस ते पडतं. मला तो डबा लागतो एकाच कामाला, धाकटीबरोबर रमी खेळायला (माझी पाठची बहीण, राहते लांब, पण तिचा तोरा इथवर पोचतो). आमचं रमीचं टेबल ज्या जुन्या साइटवर आहे ती चालते जावा नावाच्या प्रोग्रॅमवर. (नाव ऐकलं तेव्हाच मनात म्हटलं, घरात भांडणं लागणार.) तू दोन ब्राउझर ठेवून गेलास, म्हणजे दारावर दोन पहारेकरी. नवा धट्टाकट्टा आहे, दिवसभर उभा राहतो, पण जावाला उंबरठ्याच्या आत घेत नाही. जुना तिला "या, बसा" म्हणतो आणि ती बसली की स्वतः भोवळ येऊन पडतो. मी कोणाच्या जिवावर खेळू?

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने अर्धा तास डोकं खाजवलं (स्वतःचं), दोन कप चहा प्यायला आणि निदान केलं की जावा चौसष्ट बिटांची आणि जुना ब्राउझर बत्तीसचा, म्हणून पटत नाही. मी म्हटलं, आमच्या वेळी याहून विजोड लग्नं लागली आणि टिकली. हसला नाही मेला. "आजी, हे काढून पहिल्यासारखं करून देऊ का?" म्हणाला, तर तुझी आई आडवी आली, "नको हो, तो चिडेल." म्हणजे तू चिडू नयेस म्हणून मी भोगायचं.

आता खरं दुखणं सांगते. आम्हा दोघींत लहानपणापासून एकच कायदा, वाटलेला डाव सोडायचा नाही. माझ्या लग्नात नवरा मांडवात ताटकळला होता, तरी मी हातातला डाव संपवून मगच उठले. (त्यांनी ते जन्मभर ऐकवलं.) आणि आता हात जरा जमत आला की पडदा रिकामा! तिकडे धाकटीला पाटी दिसते: समोरच्या खेळाडूने डाव सोडला, तुम्ही जिंकलात. तिला वाटतं, थोरली हरायला लागली की पळते. परवा मला एकच पान हवं होतं, बदामची नव्वी. ती तिनेच टाकली. मी उचलायला गेले आणि ब्राउझर गडप.

यात माझाही एक घोटाळा झाला. ब्राउझर पडला की एक चौकट येते: माफ करा, त्या वेळी तुम्ही काय करत होता ते लिहून पाठवा. मला वाटलं, टेबलावरून असं मध्येच उठलं की समोरच्याला कारण कळवायची ही रीत असेल. बरी रीत आहे, म्हटलं. मग प्रत्येक वेळी एका बोटाने टाइप करून पाठवायचे, "धाकटे, पळाले नाही गं, पडलं. पुन्हा बस." तिचं उत्तर नाही. मग मला राग यायला लागला, मग मी जास्त लिहायला लागले, तिच्या लहानपणापासूनचं सगळं. गुरुवारी तुझी आई मागे उभी राहून वाचत होती (सवयच आहे तिला) आणि म्हणाली, "अहो आई, हे मावशींना नाही जात, ब्राउझर बनवणाऱ्यांना जातं!" घ्या. म्हणजे धाकटी पत्ते लपवायची हे कुठल्यातरी परमुलखातल्या इंजिनियरांना तोंडपाठ झालं आणि धाकटीला एक अक्षर पोचलं नाही.

तिच्या लेखी मी पळाले आणि वर मूग गिळून बसले. तिने मला टेबलावरून काढून टाकलंय. फोन केला, यंत्र पडतं म्हणून सांगितलं, तर म्हणाली, "माझं बरं पडत नाही? नाचता येईना अंगण वाकडं!" आणि ठेवला. सध्या एकटीच पत्ते लावून बसते. भिंतीशी भांडल्यासारखं वाटतं. जिंकलं तरी कोणी जळत नाही. थकले बाबा.

शहाणा हो. घाई नाही, पण माझ्या हयातीत हो.

तुझी,
आजी

ता. क. माझ्या कॉम्प्युटरला हात लावू नकोस, तो आहे तसा राहू दे. खरं काम दुसरंच आहे. तू राहतोस तिथून धाकटीचं घर एका बसवर. रविवारी जा, पाया पड, आणि तिच्याही डब्यात हाच पेंग्विन, हेच दोन पहारेकरी बसवून ये. "कधी पडत नाही" म्हणून सांग, तुला चांगलं जमतं ते. एकदा तिचा डाव पडू दे, मग तीच फोन करील. पुढे दोघी मिळून तुला शिव्या देऊ.

ता. क. दुसरा. पडायला मात्र ती जिंकत असताना पडलं पाहिजे, हरताना पडलं तर तिला काय फरक? त्याची काळजी तू करू नकोस, कधीही पडलं तरी चालेल. ती बहुतेक वेळ जिंकतच असते. हे तिला सांगितलंस तर तुला माझ्या घरात पाऊल टाकू देणार नाही.