सम नंबर माझे, विषम तुझे

प्रिय दादा,

काल लांज्याच्या स्टँडवर पुण्याच्या बसमधून तुझी गोल्फची बॅग उतरवून घेतली. वहिनीने पाठवली. तुझ्या तेराव्यालाच ती मला म्हणाली होती, यांच्यामागे घरात खेळणारं कुणी नाही, तूच ठेव. मी हो म्हणाले. मला वाटलं, आपल्या सेटचा तुझ्याकडचा अर्धा भाग घरी येतोय. घरी पोहोचण्याइतकाही धीर निघेना, म्हणून स्टँडवरच्या बाकावर बसून चेन उघडली.

आत आयर्नचा, लोखंडी पात्यांच्या काठ्यांचा, अख्खा सेट होता. नवा, चकचकीत, जाड पाठीचा.

म्हणून लिहायला बसले. तू असतास तर फोन करून भांडले असते. आता कुणाशी भांडू?

तिथूनच वहिनीला फोन केला आणि विचारलं, दादाचे जुने आयर्न कुठे आहेत? ती सहज म्हणाली, "अगं, ते दोन वर्षांपूर्वीच दुकानात देऊन टाकले, हे नवे घेताना. तुला बोलले नाहीत?"

नाही. तू बोलला नाहीस.

तुला आठवतो का रे तो सेट आला तो दिवस? तू जहाजावर इंजिनिअर होतास. तुझ्या कप्तानाने तुला या खेळाची चटक लावली, आणि कुठल्याशा बंदरातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून तू आठ आयर्न घेऊन आलास. अंगणात ओळीने मांडलेस. आई म्हणाली, "एका चेंडूला एवढ्या सळया कशाला रे?" तू तिला समजावत बसलास, नंबर लहान तितका चेंडू लांब जातो, मोठा तितका उंच उडून जवळ पडतो. ती म्हणाली, जवळच टाकायचा तर हाताने टाक की. मी हसून हसून लोळले होते.

त्या दुकानदाराने तुला बजावलं होतं म्हणे, शिकणाऱ्याने जाड पाठीचे घ्यावेत, चेंडू मधोमध नाही बसला तरी ते सांभाळून घेतात. पण तुला पातळ पात्याचेच हवे होते. दिसायला देखणे. पुढे आपण दोघांनी त्या देखणेपणाची किंमत मनगटांनी भरली. गावावरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळाच्या माळावर, चुकीचा फटका बसला की कोपरापर्यंत झिणझिण्या येत. कातळावर पातं घासू नये म्हणून आईचं काथ्याचं पायपुसणं पळवलं होतं आपण. त्यावर चेंडू ठेवायचा, मारायचा, पायपुसणं काखेत मारून पुढे चालायचं. गुरं चारणारे बघत उभे राहायचे. त्यांच्या लेखी आपण दोघंही कामातून गेलेलो होतो.

सुट्टी संपली तेव्हा वाटणी तू केलीस, मी नाही. तीन, पाच, सात, नऊ तुझे. चार, सहा, आठ आणि नऊच्या पुढचा, दहावा धरायचा तो आखूड वेज माझा. मी म्हटलं, अर्ध्या सेटने कुणी खेळतं का? तर म्हणालास, "सम तुझे गो बाय, विषम माझे. दोघं सड्यावर आलो की सेट पुरा."

किती खूश झाले होते मी त्या वाक्यावर! आमच्या कारखान्यात काजू सोलणाऱ्या बायकांनाही सांगितलं होतं. त्यांना त्यातलं काही कळलं नाही, पण भाऊ चांगला आहे एवढं कळलं.

तू नसताना मी चारच आयर्नवर भागवायला शिकले. सड्यावरच्या जांभळीपासून आपण निशाण धरलेल्या दगडांच्या राशीपर्यंतचं अंतर सात नंबरचं. माझ्याकडे सात नाही. मग सहा घ्यायचा, दांडा चार बोटं खाली पकडायचा आणि अर्धाच झोका द्यायचा. तू आलास की मात्र जांभळीपाशी मी मागे न बघता हात करायची आणि तू त्यात सात ठेवायचास. तुला आठ हवा असला की तुझा हात मागे यायचा. बोलायची गरजच नव्हती. माझ्या सासरीही मला इतकं न बोलता कुणी ओळखलं नाही, दादा.

मग तू जहाज सोडून पुण्याला नोकरी घेतलीस आणि क्लबचा मेंबर झालास. एकदाच मला तिथे घेऊन गेलास. मऊ हिरवं गवत बघून मी बावरले. कातळाची सवय, चेंडू वरच्या वर उचलायची. तिथे सगळेजण खालची माती उडवत मारत होते. माझे दोन्ही फटके घरंगळत गेले. तुझ्या मित्राने विचारलं, या कोण? तू म्हणालास, "बहीण. गावाकडे असते. गंमत म्हणून आलीये."

गंमत म्हणून? ज्या बाईने तुझ्याबरोबर कातळावर मनगटं झिजवली, ती गंमत म्हणून आली होती? परतीच्या वाटेवर तू मला मस्तानी पाजलीस आणि तुझ्यापुरतं ते मिटलं.

आणि तुझ्या शोकसभेत तोच मित्र उभा राहून सांगत होता की तू चाळिशीत, त्यांच्या क्लबात, खेळायला शिकलास. वहिनी मान हलवत होती. तिलाही तू तेवढंच सांगितलं असणार. सडा नाही, पायपुसणं नाही, मी नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं. आपल्याच माणसाच्या शोकसभेत आपण परके असतो, हे मला त्या दिवशी कळलं.

अजून एक सांगायचंय. मध्यंतरी माझं मनगट दुखायला लागलं होतं. मुंबईहून नवा सेट मागवायचा, जाड पाठीचा, असं मी ठरवलं आणि तुला विचारलं. केवढा चिडलास! म्हणालास, "तसले घेऊ नकोस. हात बिघडेल. चूक झाली तर ती हाताला कळली पाहिजे." मी ऐकलं. मनगटाला फडकं बांधून पातळ पात्यांनीच खेळत राहिले. तेव्हा तुझे जाड पाठीचे घरात येऊन पडले होते का रे? की नंतर घेतलेस? मला जाणून घ्यायचंही नाही. म्हणजे, घ्यायचं आहे, पण आता सांगणार कोण?

गेल्या शिमग्याला तू आलास तो हात हलवत. म्हणालास, पाठ धरलीये, आयर्न पुण्यालाच ठेवले. मी एकटी खेळले आणि तू चिऱ्यांच्या गडग्यावर बसून बघत होतास. जांभळीपाशी मी सवयीने मागे हात केला, तर तू हसलास आणि म्हणालास, "सहा घे, खाली पकड." तुला ठाऊक होतं, दादा. माझ्याकडे अर्धाच सेट आहे आणि उरलेला अर्धा आता जगात कुठे आहे ते तुलाही माहीत नाही, हे ठाऊक असून तू मला सहा खाली पकडायला सांगत होतास. कसं जमलं तुला?

आज सकाळी तुझी बॅग घेऊन सड्यावर गेले. म्हटलं, बघू तरी तू कशासाठी एवढं केलंस. पायपुसणं टाकलं, तुझा नवा सात काढला. फटका चुकला. चेंडू पात्याच्या टोकाला लागला, मला आवाजावरूनच कळलं. पण चेंडू बऱ्यापैकी सरळ गेला आणि हाताला काही म्हणजे काही लागलं नाही. झिणझिणी नाही, दुखणं नाही. चूक झाली आणि हाताला पत्ताच नाही. मग समजलं तुला हे का आवडले ते. राग आला, आणि रागात रडूही आलं. किती सोपं करून घेतलंस तू स्वतःचं!

ही बॅग परवाच्या बसने परत पाठवतेय. वहिनीला सांगेन, दांडे माझ्या उंचीला बसत नाहीत. खोटं आहे, पण शिमग्याला तुझी पाठ धरली होती तेवढंच. तिचा यात काही दोष नाही, तिला मी दुखवणार नाही.

तुला मात्र एक वचन देते. सात नंबर मी कुणाचा घेणार नाही, विकतही घेणार नाही. मनगट साथ देईल तोवर माझ्या चार पातळ आयर्नांनीच खेळेन, जांभळीपाशी सहाच खाली पकडेन, आणि चुकले तर हाताला कळू देईन. आणि मागे न बघता हात करायची ही सवय मोडून टाकेन.

आज मोडली नाही. तुझा सात बॅगेत कोंबून पुन्हा चेंडू ठेवला, दगडांच्या राशीकडे बघितलं आणि हात मागे केला. बराच वेळ तसाच होता.

तुझी,
बाय