दादाने सांगू न दिलेलं ऑपरेशन

१९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण पोटावर वीतभर जखम आहे. तेव्हा बसल्या जागेवरूनच.

वहिनी, मुलं मजेत असतील. आई बरी आहे. गुडघ्याचा नवा पट्टा आणून दिला, तो ती खुंटीला घालते. चष्म्याच्या दुकानात माझं काचा घासायचं मशीन मालकांनी अजून कुणाला दिलेलं नाही.

हो, जखम. स्वादुपिंडाचं ऑपरेशन झालं, सोळा दिवसांपूर्वी. तुला कळवलं नाही. मुद्दाम.

नव्या डॉक्टरबाईंनी रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढून ऑपरेशनचे पर्याय सांगितले. एक, स्वादुपिंडातली फुगलेली नळी उघडून आतड्याला जोडायची. दोन, तेच करायचं आणि स्वादुपिंडाच्या डोक्याकडचा सुजलेला भाग आतून कोरायचा. तीन, तो भाग शेजारच्या आतड्यासकट काढूनच टाकायचा. सगळंच स्वादुपिंड काढलं, तर जन्मभर इन्सुलिन. माझ्यासाठी दुसरं बरं, म्हणाल्या, आणि का तेही सांगितलं. अर्धा तास, दादा. मला. समोर बसवून.

मग म्हणाल्या, "इतके दिवस काय करत होतात?"

"दुर्बिणीने तोंडातून स्वादुपिंडात नळ्या घालून घेत होते. पाच वेळा."

"ऑपरेशनबद्दल कुणी बोललंच नाही?"

मी नाही म्हटलं. त्यांनी जुनी फाइल चाळली आणि एक कागद गुपचूप माझ्याकडे सरकवला. तीन वर्षांपूर्वीची तारीख. 'रुग्णाचे भाऊ (डॉक्टर) यांच्याशी चर्चा. रुग्णास मानसिक ताण, दुखणे वाढवून सांगण्याची सवय. भावाच्या विनंतीवरून शस्त्रक्रियेचा पर्याय तूर्त सांगू नये.'

त्या दिवशी मी केबिनबाहेर बाकावर पोट धरून बसले होते. तू बाहेर आलास, माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "काही विशेष नाही गं, वेडाबाई."

मी विश्वास ठेवला! तू दिलेल्या झोपेच्या गोळ्या घेतल्या. दुखायला लागलं की स्वतःलाच बजावायचे, हे खोटं आहे. एकदा अशीच कळ आली असताना मुलगी गणित विचारायला आली, आणि मी तिच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला तिचा. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिनेही नाही.

बाबा ऑपरेशनच्या टेबलावरच गेले, तेव्हा संमतीच्या कागदावर सही तुझी होती. तू घाबरलास, ते कळतं मला. मग तसं म्हणायचंस! "मला भीती वाटते" एवढं बोलायला जीभ झडली असती? त्यापेक्षा बहिणीला खोटारडी ठरवणं सोपं गेलं तुला.

या वेळी सही मी केली. जखम ओढते, पण ती जुनी कळ अजून तरी आलेली नाही. डॉक्टरबाई म्हणतात, इतक्यात खात्री देत नाही. नसांना दुखायची सवय लागून गेलेली असते, लवकर आला असतात तर जास्त भरवशाने बोलले असते. हे वाक्य दोनदा वाच.

आईला वाटतं, तू कामात होतास म्हणून ऑपरेशनला आला नाहीस. खरं काय ते तिला तू सांगायचंस, फोनवर नाही, समोर बसून. आणि माझ्या मुलीसमोर तिच्या आईची माफी मागायचीस. त्याआधी फोन करून माझ्या औषधांची चौकशी करू नकोस.

जिचं खरोखरच दुखत होतं ती,
तुझी बहीण