न्यायाच्या राणीच्या पारड्यातला पाव

इलोइलो, २९ मे

प्रिय मानांग पुरा,

तुझा हात माझ्या कपाळाला टेकवला असं समज आणि बाकोलोदहूनच धाकट्या बहिणीला आशीर्वाद दे. (उजवा हात. डाव्याचा संधिवात तुझा तुझ्याकडेच राहू दे.) गुडघे कसे आहेत? डोळ्यांतले थेंब वेळेवर घालतेस ना? पत्रच लिहिते आहे, कारण फोन केला की तू उचलतेस, "मला काही ऐकू येत नाही" असं बजावतेस आणि ठेवून देतेस. आमच्या चॅपलच्या गायकवृंदातली एक बाई उद्याच्या बोटीने तिकडे येते आहे, तिच्याबरोबर हे पत्र आणि बिस्कोचोचा डबा पाठवते. डब्यात कडक भाजलेल्या पावाचे चोवीस तुकडे आहेत. कमी भरले तर तिला विचार, मला नको. इकडे मी ठीक आहे. तातयांच्या बेकरीच्या फोटोवर दर शनिवारी फडकं फिरवते, वडिलांना धुळीत ठेवणार नाही. आणि तुझी नात मायुमी उत्तम आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेसाठी माझ्याकडे ठेवलीस तेव्हा सुक्या मासळीसारखी होती, आता तीनदा भात मागून घेते. अकराव्या वर्षी मुलीने एवढं खावं का, हा प्रश्न मी सोडून दिला आहे, कारण त्याहून मोठे प्रश्न घरात शिरले आहेत आणि त्यांतला एक तुझ्यासाठी आहे. तो शेवटी विचारते.

तुला माहीतच आहे की मे महिन्याच्या मिरवणुकीत कोणत्या मुलीने कोणती राणी व्हायचं, हे कोर्टातून निवृत्त झाल्यापासून मी ठरवते. चौतीस वर्षं मी न्यायाधीशांच्या पायाशी बसून खरं-खोटं दोन्ही एकाच वेगाने लघुलिपीत उतरवलं, तेव्हा एवढा अधिकार मला असावा. चौदा वर्षांत एकदाच तक्रार आली, आणि ती श्रीमती दिविनाग्रासियांची होती, म्हणजे तक्रार आलीच नाही असं धरायला हरकत नाही. यंदा मिरवणुकीचं यजमानपद त्यांच्याकडे होतं. त्यामुळे त्यांची नात सर्वांत शेवटची, फुलांच्या कमानीखालून चालणारी एलेना राणी होणार हे उघड होतं. मायुमीला मी न्यायाची राणी केलं. एका हातात तराजू, दुसऱ्या हातात तलवार, पांढरा झगा. (आपल्या घरच्या मुलीला दिलं म्हणून कुजबुज झाली. होऊ दे. मुलीची मान लांब आहे, झगा तिलाच शोभतो.)

मायुमीने (मलाही ती आजीच म्हणते) सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोला, मी न्यायाची राणी होईन, पण कालिरासारखी."

कालिरा कोण म्हणून विचारू नकोस, मी सांगतेच आहे. हल्ली पोरांना वेड लावणारी एक चित्रमालिका आहे, "सात दिव्यांचं राज्य" नावाची. तिथल्या राजाने सगळी आग कुलपात ठेवली आहे. गरिबांनी चूल पेटवायची नाही, थंड कंदमुळं खायची आणि राजाचे आभार मानायचे. कालिरा ही लांब कोट घालून नाव वल्हवणारी एक बाई. ती एक मशाल पळवते, बंड उभारते आणि राजाचे चाळीस शिपाई पुलावरून जात असताना पुलाचे दोर कापते. खाली नदी. नदीत मगरी. हे सकाळच्या नाश्त्याच्या वेळी मुलांना दाखवतात. मी मायुमीला सांगितलं की खुनी बाईचा कोट घालून देवीमातेच्या मिरवणुकीत जायचं नाही, विषय संपला. त्यावर ती म्हणते, "तू भाग पाहिलेस का? कोर्टात पुरावा न पाहता निकाल देतात का?"

असं बोलायला तिला कोणी शिकवलं ते मला ठाऊक आहे. दर रविवारी जेवताना मीच शिकवलं.

म्हणून मानांग, मी एकोणचाळीस भाग पाहिले. दुपारी पंखा लावून, मांडीवर वही घेऊन, आक्षेप लघुलिपीत टिपत. पहिल्या तीन भागांत माझे बासष्ट आक्षेप होते. (त्यांतले अकरा कालिराच्या केसांबद्दल. बंड करायला वेळ मिळतो, वेणी घालायला मिळत नाही.) दहाव्या भागापर्यंत राजाच्या कोठीप्रमुखाला फासावर द्यावं असं माझंही मत झालं होतं. सोळाव्या भागात पूल पडला तेव्हा माझ्या तोंडून काही शब्द गेले. शाळेतल्या सिस्टर बेनिग्नांनी ते ऐकले असते तर मला जेवणाच्या घंटेपर्यंत गुडघ्यांवर बसवलं असतं. ते शब्द कालिराच्या बाजूचे होते, हे मी तुझ्यापाशी कबूल करते. मायुमीपाशी केलेलं नाही.

आणि मग आला बाविसावा भाग. त्यात कळतं की पुलावर चाळीस शिपाई नव्हते. चाळीस शिपाई आणि एक पाववाला होता. छावणीला पाव पोचवायला निघालेला, हातगाडी ढकलत, डोक्याला रुमाल बांधलेला एक साधा माणूस. आणि दोर कापायच्या आधी कालिराने त्याला पाहिलं होतं. पाहिलं आणि तरी कापले. मी टीव्ही बंद केला. मायुमीने परत लावला. मी परत बंद केला. शेवटी दोघी वरणाच्या पातेल्यासारख्या उकळत जेवायच्या टेबलाशी बसलो आणि मी रीतसर खटला चालवला. मी फिर्यादी, ती बचावाची वकील, न्यायाधीशाच्या खुर्चीत मांजर.

मी म्हणाले, पाववाल्याने काय केलं होतं? त्याच्याकडे भट्टी होती, येईल त्याला तो पाव देत होता. दाराशी बंदूक घेऊन उभ्या असलेल्याला नाही म्हणायला त्याच्या घरी पोरं नव्हती का? मी इतकं चांगलं बोलले की माझं मलाच रडू आलं. मायुमीने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "लोला, कपाटातलं डोकं कोणाचं आहे?"

ते डोकं तुला आठवत असेल. बायबलमधली जुडिथ शत्रूच्या सेनापतीच्या तंबूत जाते आणि तो झोपेत असताना त्याचं मुंडकं उतरवते, म्हणून मिरवणुकीत जुडिथ राणीच्या हातात कापलेलं डोकं असतं. आमचं कागदी आहे, टोपीच्या खोक्यात ठेवलेलं. दर वर्षी मानेला लाल रंगाचा नवा हात मी स्वतः देते. चौदा वर्षं मी नऊ-दहा वर्षांच्या मुलींच्या हातात ते देते आहे आणि वर सांगते आहे की केस घट्ट धर, हसत चाल, लोक फोटो काढतात.

मी म्हणाले, ते वेगळं, तो सेनापती होता.

"त्याच्या तंबूत स्वयंपाकी नव्हता का? नंतर गावकऱ्यांनी छावणीवर हल्ला केला ना? स्वयंपाक्याचं काय झालं, लोला?"

मी बायबल काढलं. स्वयंपाक्याचं काय झालं ते लिहिलेलं नाही.

मग तिने भिंतीकडे पाहिलं. तिथे तातयांचा फोटो आहे, ॲप्रन बांधून बेकरीच्या दारात उभे, आणि डोक्यावर १९४७ सालची पाटी, "नवी बेकरी". मायुमी म्हणाली, "नवी का? जुनीचं काय झालं?" मी तेच सांगितलं जे आपण नेहमी सांगतो. लढाईच्या दिवसांत दिवा कलंडला, रॉकेल सांडलं, भट्टीची खोली जळाली. तिने फोटोवरून नजर माझ्याकडे वळवली. तिची बघण्याची तऱ्हा अगदी तुझ्यासारखी आहे, म्हणजे समोरच्याला आपणच चोरी केली असं वाटू लागतं. मग म्हणाली, "तेव्हा गावात जपानी शिपाई होते ना. ते पाव कोणाकडून घ्यायचे?"

मी सांगितलं की लघुलेखक साक्ष देत नाहीत, आणि भांडी घासायला उठले.

त्या दिवसानंतर मी कोटाला हो म्हणाले. अटी घातल्या. मशाल बॅटरीवरची. कोटाखाली पांढरा झगा. तराजू हवाच. तराजूला मायुमी लगेच तयार झाली आणि तिने त्यात आपली एक अट घुसवली. एका पारड्यात पुलाच्या दोराचा कापलेला तुकडा, दुसऱ्यात एक पाव. "पाववाल्याचा," ती म्हणाली. मला यात काही वावगं दिसलं नाही. उलट पावाचं पारडं मी स्वतः घासून चकचकीत केलं.

रविवारी मिरवणूक निघाली, ठरल्या वेळेपेक्षा दीड तास उशिरा, कारण दिविनाग्रासियाबाईंच्या नातीच्या खोट्या पापण्या चिकटत नव्हत्या. पुढे नोंग बेर्तो, यंदाही कापसाची दाढी लावून बायबलमधला नऊशे वर्षांचा म्हातारा मथुशलह झालेले, हातगाडीत बसून प्रथेप्रमाणे कढईत वाळू भाजत, म्हणजे शेवटी सगळ्याची मातीच. (एक्याऐंशी वर्षांचे आहेत. दाढी लावायची काही गरज नव्हती.) त्यांच्यामागे राण्या. मायुमी दिसताच दोन्ही बाजूंची पोरं ओरडायला लागली, "आग सगळ्यांची, आग सगळ्यांची," हे कालिराचं घोषवाक्य. भजनी बायकांना वाटलं पवित्र आत्म्याच्या अग्नीबद्दल चाललंय, त्याही म्हणायला लागल्या. इथवर सगळं छान चाललं होतं.

चौकाच्या वळणावर गर्दी दाटली आणि मायुमीचं पारडं नोंग बेर्तोंच्या नाकासमोर आलं. त्यांना वाटलं, कोणीतरी दया येऊन आपल्याला खायला पाठवलं. दोन घासांत त्यांनी पाववाला संपवला.

मायुमी थांबली. तिच्यामागे जुडिथ थांबली, डोकं हातातून निसटून गडगडत बँडवाल्यांत गेलं. त्यामागे सगळ्या राण्या, कमान आणि देवीमाता. बँडला कोणी सांगितलं नाही म्हणून तो एकच ओळ वाजवत राहिला.

"चल ना इंदाय, चल पोरी," नोंग बेर्तो कापसातून म्हणाले. "एका पावाचं काय एवढं? चांगला होता गं. जरा लोणी हवं होतं."

"एक पारडं रिकामं ठेवून न्याय चालत नाही," मायुमी म्हणाली. ती जागची हलेना.

दिविनाग्रासियाबाई पंखा हलवत मागून आल्या. "तेकाय, तुझ्या पोरीला आवर. माझी नात घामाने वितळते आहे, एक पापणी गेली सुद्धा."

"माझी नाही, बहिणीची नात आहे," मी म्हणाले. (माफ कर. त्या क्षणी तू जवळ नव्हतीस.)

"कोणाची का असेना. तिला सांग, चुपचाप चालू लाग. एका पावासाठी देवीला उन्हात उभं करतेस?"

मानांग, मी खरोखर तिला चालू लाग म्हणून सांगायलाच पुढे झाले होते. पण त्या बाईने "एका पावासाठी" हे शब्द नाक वर करून म्हटले, आणि मला तातय दिसले, पहाटे तीनला उठून कणकेत कोपरापर्यंत बुडालेले. मी म्हणाले, "पाव येईपर्यंत मिरवणूक हलणार नाही." एवढ्या मोठ्याने म्हणाले की बँड थांबला. मग पोरं ओरडली, भजनी बायका ओरडल्या, आणि कोपऱ्यावरचा बेकरीवाला गरम पाव घेऊन पळत आला. नोंग बेर्तोंसाठीही एक आणला. पारडं भरलं आणि आम्ही चालू लागलो.

आता समितीने मला पत्र पाठवलं आहे की पुढल्या वर्षी राण्या वाटण्याचं काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं. मी त्यांच्या पत्रातल्या व्याकरणाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून ते परत धाडलं. तब्येतीला जप. थेंब विसरू नकोस.

तुझी धाकटी,
तेकाय

ता. क. दिविनाग्रासियाबाई तुला कळवतील की मी रस्त्यात मूठ वर करून घोषणा दिली. मी बेकरीवाल्याला हात करत होते. (मूठ बंद होती, कारण हातात जपमाळ होती.)

ता. क. दोन. आता तुझा प्रश्न. तातयांच्या शेवटच्या चार महिन्यांत तू त्यांच्या उशाशी होतीस, मी रोहासच्या कोर्टात लोकांच्या साक्षी उतरवत होते. ते तुझ्याशी बोलले असतील. जुनी बेकरी दिव्याने जळली, की कोणी जाळली? आणि जाळली असेल तर का? शिपायांना पाव दिला म्हणून? आजवर मी विचारलं नाही, कारण तू कधी सांगितलं नाहीस, आणि त्यावरूनच मला थोडंफार कळलं होतं. वाईट असेल तर वेगळ्या कागदावर लिही, म्हणजे मायुमीला पहिला कागद वाचून दाखवता येईल.

ता. क. तीन. नको, एकाच कागदावर लिही. ती कसंही शोधून काढेल, आणि आपल्याकडून कळलेलं बरं. तराजू तिने तातयांच्या फोटोखाली खिळ्याला टांगला आहे. निकाल लागेपर्यंत ती त्यात रोज सकाळी ताजा पाव ठेवते आणि कोणाला हात लावू देत नाही. जे असेल ते लिही, पण लवकर लिही. भिंतीला मुंग्या लागल्या आहेत.