दादाच्या वाटणीचं

प्रिय वहिनी,

तू फोनवर बोलत नाहीस, म्हणून हे पत्र. दरडीमुळे रस्ता बंद आहे आणि पलीकडे फक्त पोस्टमनला पायी सोडतात, त्याच्याच हातात हे देतोय. सोमवारी तू दादाच्या ऑफिसच्या त्या कागदावर सही करणार आहेस, दादा आता नाही असं मान्य करणारी. त्याआधी हे तुला मिळायला हवं. आणि कृपा करून शेवटपर्यंत वाच. तुझी सवय मला माहीत आहे; अर्धं पान वाचतेस, 'लहान्याचं सुरू झालं' म्हणतेस आणि पत्र चहाच्या कपाखाली जातं.

तू नेहमी विचारायचीस, व्यायामशाळेत तू नेमकं करतोस काय, लोकांना पोटभर जेवू न देणं हे काय काम झालं? तर ऐक. आहे तेवढंच वजन राखायचं असेल तर माणसाने दिवसाला किती खावं, हे मी काढून देतो. आधी नुसत्या जगण्याचा खर्च. माणूस दिवसभर पलंगावर पडून राहिला तरी काळीज चालतं, श्वास चालतो, अंग ऊबदार राहतं, आणि त्याला कॅलरी लागतातच. त्यावर हिंडण्याफिरण्याचा आणि व्यायामाचा खर्च चढवायचा. तेवढं खाल्लं की काटा जागचा हलत नाही. माझा स्वतःचा आकडा पंचवीसशेचा. रोज तोच व्यायाम, तेवढंच जेवण, वजन कायम सत्तर किलो. दादा म्हणायचा, हा जेवत नाही, औषध घेतो. मग तू मुद्दाम माझ्या ताटात आणखी एक पळी भाजी ओतायचीस, आणि तीही तुझ्या हातची, म्हणजे खारट. मिठाला तुझा हात सैल आहे असं मी म्हटलं की दादा ताट पुसून चाटून दाखवायचा, जणू अमृतच वाढलंयस. लबाड! स्वयंपाकघरात जाऊन तीन पेले पाणी प्यायचा तो.

दादा विजेच्या मनोऱ्यांची पाहणी करायला त्या डोंगरात गेला आणि धुक्यात चुकला, त्याच आठवड्यात माझं वजन उतरायला लागलं. शोधायला गेलेल्यांना त्याची पिशवी सापडली, तो नाही सापडला, आणि मी इकडे पट्ट्याला नवी भोकं पाडत होतो. सगळे म्हणाले, धक्का बसलाय त्याला. अगं, धक्क्याने माणसाचं जेवण तुटतं म्हणून तो वाळतो. मी तर मोजून जेवत होतो! गिऱ्हाईक येऊन म्हणालं की 'सर, काहीच बदललं नाही, तरी वजन बदलतंय', तर मी त्याला सरळ सांगतो, काटा खोटं बोलत नाही, तुम्ही बोलताय. आता स्वतःला काय सांगणार? काटा बदलला. त्यावर वजनाची चकती ठेवून पाहिली, बरोबर होता. रक्त तपासलं, सगळं ठणठणीत. मग खाणं वाढवत गेलो. तीन हजार, चार हजार, तरी घसरण चालूच. पाच हजारांवर गेलो तेव्हा कुठे काटा थांबला. उकडलेली अंडी, केळी, शेंगदाणे, भाताचे ढीग. खाऊन खाऊन जबडा दुखायचा, आणि हात धुवून होतायत तोवर पोटात पुन्हा कावळे.

तेव्हा मला आईचं बोलणं आठवलं. दादा शाळेच्या मैदानावर धावायचा आणि घरी खिडकीत बसून चित्रं रंगवणारा मी भूक भूक करायचो. आई कपाळावर हात मारायची, पळतो तो आणि भूक लागते ह्याला! तो यायच्या आत मी त्याच्या वाटणीचं खाऊन टाकायचो, आणि तो घामाघूम आत येऊन म्हणायचा, मला नको, पोट भरलंय. आम्ही हसायचो गं. तुझ्या लग्नाच्या आधीची ही गोष्ट, म्हणून तुला कुणी सांगितली नसेल.

आमच्याकडे श्वासावरून शरीराचा खर्च मोजायचं यंत्र आहे. ते चालवणाऱ्या बाई फार शांत, कशाने दचकायच्या नाहीत. एका दुपारी त्यांनी मला खाटेवर निजवलं, तोंडावर मास्क बांधला आणि अजिबात हलू नका म्हणाल्या. मी हललो नाही. पडद्यावरची रेघ सपाट चालायला हवी होती. ती चढायला लागली. बराच वेळ चढली, मग खाली आली, थोडी थांबली आणि पुन्हा चढली. बाईंनी मास्क बदलला. मग स्वतःवर यंत्र लावून पाहिलं, त्यांची रेघ सरळ. पुन्हा मला निजवलं आणि पडद्याकडे बघत राहिल्या. शेवटी त्यांनी अगदी हळू विचारलं, की तुम्ही आत्ता कुठे चाललाय? मी मास्क काढून उठून बसलो. कारण ती रेघ मी रोज बघतो. माणूस चढ चढतो, दम खायला जरा टेकतो आणि परत उठतो, तेव्हा ती तशीच दिसते.

माझा आकडा पंचवीसशेचा, आणि वरचे पंचवीसशे एका मोठ्या माणसाच्या जगण्याचे आणि रोजच्या चालण्याचे. तू मला वेड्यात काढशील, काढ. पण मी त्या दिवसापासून रडायचं सोडलं आणि जेवायला लागलो. मला नको असलं तरी गिळायचो. एकदा उलटी झाली, तर तोंड धुवून पुन्हा बसलो. मला वाटायचं, मी एक घास कमी घेतला तर तो कुठल्या तरी चढावर बसेल आणि उठणार नाही. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं का? आशा लावायची हिंमत झाली नाही, एवढंच.

गेल्या गुरुवारी सकाळी भूक गेली. नेहमीचं पंचवीसशेचं जेवणसुद्धा जाईना, पोट तट्ट. शुक्रवारी मी काहीच खाल्लं नाही, चहासुद्धा नाही, व्यायाम मात्र रोजचा केला. काट्यावर उभा राहिलो तर वजन वाढलेलं! आणि वहिनी, जिभेवर मीठ. चूळ भरली तरी जाईना. ती चव मी हजारात ओळखेन. मला इतका आनंद झाला की मी जिन्यात उभा राहून मोठ्याने हसलो. तो पोचला! तू त्याला वाढते आहेस! लगेच फोन लावला. तो उचलला गेला, कुणी बोललं नाही. पळी भांड्यावर आपटल्याचा आवाज आला, ताट सरकल्याचा आला, आणि फोन ठेवला गेला. त्यानंतर प्रत्येक वेळी तसंच.

मग मी बाईंकडे गेलो, म्हटलं आता ती रेघ बघू. मला वाटलं होतं, दादा घरी बसलाय, तेव्हा चालण्याचा खर्च गेला असेल आणि नुसत्या जगण्याचा उरला असेल, माझा आणि त्याचा. रेघ सपाट होती. बाई खूश झाल्या, अगदी तुमच्या एकट्यापुरती आहे म्हणाल्या. मी घरी आलो आणि हे लिहायला बसलो. वहिनी, पलंगावर पडून राहिलेल्या माणसालाही खर्च असतो, तुला वर सांगितलंय. त्याच्या वाटणीचं जेवण अजून माझ्या पोटात येतंय. त्याचा खर्च मात्र काहीच येत नाही, श्वासापुरतासुद्धा नाही.

रस्ता सुटला की मी पहिल्या गाडीने निघतो. तोवर एक कर. तुझ्यासमोर जेवायला बसलाय ना, त्याच्याजवळ जरा कान ने. श्वास ऐकू आला तर तो कागद फाडून टाक. नाही आला, तरी ओरडू नकोस, त्याला उठवू नकोस. मी येईपर्यंत पोटभर वाढ त्याला. फार लांबून चालत आलाय गं.

तुझाच,
लहान्या