नव्व्याण्णवांना चरू दे

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आम्ही सर्व खुशाल. आईची नजर मात्र गेल्यातच जमा आहे. जिन्यावर कुणाचीही पावलं वाजली की भिंत धरून दारापर्यंत येते आणि तू आलीस का म्हणून विचारते. काल टपालवाल्याला पोटाशी धरलं. बिचारा मुकाट्याने उभा राहिला. माडीवरची खोली रिकामी आहे, उजेड बरा आहे, तुझं शिवणकाम तिथे होईल.

गेल्या रविवारी चर्चमध्ये मी हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यावर उपदेश केला. शंभरांतलं एक चुकलं, तर मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्याच्या शोधात जातो आणि खांद्यावर घेऊन येतो. तुझं नाव अर्थातच घेतलं नाही. मंडळीचे खजिनदारसुद्धा डोळे पुसत होते, आणि ते एरवी फक्त चष्मा पुसतात.

झालं गेलं विसर आणि परत ये. दार उघडं आहे. हे पाळक म्हणून नव्हे, भाऊ म्हणून लिहितो. माया आहेच.

तुझा दादा


ता. ११ फेब्रुवारी

ती. दादास सा. सलाम वि. वि.

नाव घेतलं नाहीस ही मेहेरबानी. वहिनीने कळवलं, ‘दूर शहरात कात्री घेऊन बसलेली एक भगिनी’ एवढंच म्हणालास. तुझ्या अख्ख्या मंडळीत शिवणारी मी एकटीच होते, तेव्हा लोकांना ओळखायला फार डोकं खाजवावं लागलं नसेल.

तुझा दाखला पुन्हा वाचून पाहिला. त्यातल्या मेंढपाळाने मेंढराला पत्र टाकल्याचं कुठे सापडलं नाही. दार उघडं आहे, आपलं आपण ये, असा निरोपही त्याने धाडलेला नाही. तो स्वतः गेला, काट्याकुट्यांतून. उपदेश करताना तुझ्यामागे भिंतीवर त्याचं एवढं मोठं चित्र असतं, पण तुझी त्याच्याकडे कायम पाठ असते, त्याला तू तरी काय करणार.

आणि मी चुकले नव्हते. सुजलेला ओठ घेऊन तुझ्या दाराशी आले होते. तू सोसायला सांगितलंस, प्रार्थना केलीस आणि मला हाताला धरून नवऱ्याच्या घरी पोचवलंस. मग मी तिथून निघाले, तर तुझ्या कमिटीने मंडळीतून नाव काढलं. कळपाबाहेर काढायचं आणि वर हरवलं म्हणून रडायचं, ही सोय चांगली आहे.

आईसाठी जीव तुटतो. पण मान खाली घालून तुझ्या दारात उभी राहणार नाही. न्यायला ये. आईला माझा मुका.

तुझी धाकटी


ता. २३ फेब्रुवारी

चि. धाकटीस आशीर्वाद, तुला नको असले तरी.

मी यायचं म्हणजे काय, याची तुला कल्पना नाही. गायकवृंदात भांडण आहे, छप्पर गळतंय, माझा गुडघा माझं ऐकत नाही. रविवारखेरीज सवड नाही आणि रविवारी तर मुळीच नाही. नव्व्याण्णवांना सांभाळणं सोपं नसतं बाई. मी टेम्पो पाठवणार होतो.

पण आईने तुझं पत्र वाचून दाखवायला लावलं. मी मधला मजकूर गाळला. गाळताना मी अडखळलो ते तिने ओळखलं आणि म्हणाली, गाळलंस तेवढंच आता वाच. वाचलं. मग तिने विचारलं, तो मेंढपाळ गेला तेव्हा बाकीची नव्व्याण्णव काय करत होती. मी म्हटलं, चरत असतील. ती म्हणाली, मग चरू दे की.

येत्या रविवारी निघतो. उपदेश खजिनदार करतील. देव मंडळीचं रक्षण करो.

दादा


ता. १ मार्च

सौ. वहिनीस सप्रेम सलाम.

तुमचा मेंढपाळ काल पोचला. म्हणजे पोचला नाही. भलत्याच थांब्यावर उतरला आणि आमच्याच गल्लीला फेऱ्या घालत बसला. शेवटी पंक्चरवाला वर येऊन सांगून गेला की खाली कुणी भला माणूस हरवलेली बाई शोधतो आहे. मी खाली गेले, तर हा एका जुन्या टायरवर बसलेला, बूट हातात घेऊन. त्याला शोधून मीच घरी आणलं. हे पुढच्या उपदेशात येईल असं वाटत नाही.

हमाल बोलवू म्हटलं तर ऐकेना. माझं शिलाई मशीन खांद्यावर घेतलं आणि तीन मजले उतरायला लागला. मागून मी दोऱ्यांचा डबा घेऊन. चित्रातलं मेंढरू हलकं असावं. दुसऱ्या मजल्यावर तो थांबला आणि मागे न बघताच म्हणाला की त्या दिवशी मला परत नेऊन पोचवलं ते पाप झालं, आणि कमिटीपुढे उभं राहून तो हेच सांगणार आहे. वहिनी, मला टोमणा सुचला नाही. रडू मात्र आलं.

मशीन खाली टेकवलं आणि त्याची पाठ धरली. सध्या पालथा पडून माझ्याकडून मलम चोळून घेतो आहे आणि कण्हतो आहे. त्यामुळे सामान आणि हे पत्र टेम्पोवाल्याबरोबर पुढे धाडते. आम्ही दोघं उद्या निघू.

तुमचा लोभ होताच, आता जवळून मिळेल. आणि उद्या जिन्यावर पावलं वाजली की आईला तेवढं सांगा, हा टपालवाला नाही.

तुमची धाकटी